राजाच्या लेकींचा माग: न्यू फ्रान्सला गेलेल्या एका वधूचे आयुष्य दप्तरांतून कसे उभे करावे

1663 ते 1673 या काळात फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने सुमारे 770 स्त्रिया अटलांटिक महासागर ओलांडून सेंट लॉरेन्स नदीकाठच्या ‘न्यू फ्रान्स’ या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या कॅनडात, गेल्या आणि त्यांपैकी बहुतेकींनी तिथल्या वसाहतकऱ्यांशी लग्ने केली. फ्रेंच भाषेत त्यांना ‘फिय द्यु र्वा’, म्हणजे ‘राजाच्या लेकी’, असे म्हणतात. नावावरून राजघराण्याचा भास होत असला तरी त्यांत राजकन्या एकही नव्हती. अनाथ किंवा पोरक्या मुलीचे पालकत्व राजाने घेतले, तिच्या प्रवासाचा आणि लग्नाचा भार त्याने उचलला, एवढाच त्या ‘लेकी’चा अर्थ आहे. हे नाव रूढ झाले ते मॉन्ट्रिऑलमध्ये या मुलींचा सांभाळ करणाऱ्या मार्गरीत बुर्ज्वा या धर्मभगिनीच्या लेखनामुळे.

अशा एखाद्या स्त्रीचे आयुष्य मूळ कागदांवरून कसे शोधावे, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला, कादंबरीसाठी साधने जमवणाऱ्या लेखकाला, किंवा क्वेबेकच्या कुटुंबाशी सोयरीक झालेल्या आणि नातवंडांसाठी दोन्ही बाजूंची वंशावळ लिहून ठेवू पाहणाऱ्या मराठी आजी-आजोबांना तो उपयोगी पडावा. फ्रेंच उत्तम यायला हवी असे नाही. मात्र कागदात वारंवार येणारे वीस-पंचवीस शब्द ओळखता यायला हवेत आणि चिकाटी हवी.

पहिली पायरी: कोणाला शोधतो आहोत, हे आधी ठरवावे

सतराव्या शतकात कॅनडाला गेलेली प्रत्येक फ्रेंच स्त्री ‘राजाची लेक’ नव्हती. 1634 ते 1662 या काळात अडीचशेहून अधिक अविवाहित स्त्रिया खासगी कंपनीच्या, धर्मसंस्थांच्या किंवा नातेवाइकांच्या आधाराने तिथे गेल्या होत्या. त्यांना ‘फिय आ मारिये’, म्हणजे लग्नाच्या मुली, असे म्हणतात आणि त्यांची गणना वेगळी होते. 1663 मध्ये चौदाव्या लुईने ‘शंभर भागीदारांच्या कंपनी’कडून वसाहत काढून घेऊन थेट राजसत्तेखाली आणली आणि त्याच वर्षी सरकारी खर्चाने मुलींची पहिली तुकडी निघाली. तेव्हा तपासाची चौकट 1663 च्या उन्हाळ्यापासून 1673 च्या शरद ऋतूपर्यंत आखावी.

एकूण संख्येबद्दल अभ्यासकांत किरकोळ फरक आढळतो. लोकसंख्या-इतिहासाचे अभ्यासक ईव्ह लांद्री यांची मोजणी 770 ची आहे, तर पीटर गान्ये यांची 768 ची. एखादी स्त्री राजाच्या खर्चाने आली की स्वतःच्या, हे सीमेवरच्या दोन-चार प्रकरणांत कसे ठरवायचे, यावरून हा फरक पडतो. आपली व्यक्ती अशा सीमेवरची निघाली तर तशी स्पष्ट नोंद करावी आणि पुढे जावे. त्यावर आठवडे घालवू नयेत.

लुइझियाना या दक्षिणेकडच्या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीशी गल्लत मात्र अवश्य टाळावी. 1704 मध्ये ‘पेलिकां’ जहाजाने मोबीलला गेलेल्या मुली, 1721 मध्ये ‘बालेन’ जहाजाने गेलेल्या पॅरिसच्या आश्रमातल्या मुली आणि लहान पेटी घेऊन आलेल्या म्हणून ‘पेटीवाल्या मुली’ म्हणवल्या गेलेल्या स्त्रिया, या सगळ्यांची कथा नंतरची आहे आणि त्यांची दप्तरेही निराळी आहेत. इंटरनेटवरच्या वंशावळींत या सर्वांची सरमिसळ सर्रास आढळते.

दुसरी पायरी: ही योजना का निघाली, ते समजून घ्यावे

पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर कागद उघडूनही काही कळत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे. ज्यां तालों हा वसाहतीतला पहिला कारभारी 1665 मध्ये क्वेबेकला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी त्याने घरोघरची शिरगणती करवली. तिच्या प्रसिद्ध आकड्यांनुसार वसाहतीत 3,215 माणसे होती आणि त्यांत 2,034 पुरुष व 1,181 स्त्रिया होत्या. लहान मुले आणि विवाहित जोडपी वगळली तर लग्नाच्या वयातल्या मोकळ्या पुरुषांना वधू मिळणे किती कठीण होते, हे लगेच ध्यानात येते. शिवाय 1665 मध्ये इरोक्वा या तिथल्या मूलनिवासी लोकांशी लढण्यासाठी आलेल्या कारिन्यां-सालियेर पलटणीतले सुमारे चारशे सैनिक पुढे तिथेच राहिले, आणि तेही बहुतेक अविवाहित होते.

मोठ्या संख्येने फ्रेंच कुटुंबे पाठवावीत, असे तालोंचे मागणे होते. मंत्री कोल्बेरने त्याला कळवले, की कॅनडा वसवण्यासाठी राज्यच ओस पाडणे शहाणपणाचे नाही. मग उरला तो स्वस्त मार्ग: पुरुष तिथे आहेतच, तेव्हा केवळ बायका पाठवायच्या आणि लोकसंख्या तिथल्या तिथे वाढू द्यायची. हा हिशेबी विचार साऱ्या कागदांतून झिरपत राहतो. एका मुलीमागे शंभर लिव्र (त्या काळचे फ्रेंच चलन) खर्च धरलेला असे: दहा लिव्र भरतीसाठी, तीस कपड्यांसाठी आणि साठ प्रवासासाठी.

ज्या जमिनीवर ही घरे उभी राहिली ती रिकामी नव्हती, हेही वाचताना विसरू नये. इरोक्वा राष्ट्रांशी 1667 मध्ये तह झाल्यावरच नदीकाठची नवी वस्ती वेगाने पसरली, आणि या मुलींच्या नवऱ्यांना मिळालेल्या जमिनींचे कागद त्यानंतरच्या काळात भराभर वाढताना दिसतात.

तिसरी पायरी: सुरुवात जन्मापासून नव्हे, लग्नापासून करावी

नवखा शोधक स्वाभाविकपणे जन्माची नोंद शोधू लागतो आणि पहिल्याच दिवशी अडकतो. जहाजांवरच्या प्रवाशांच्या याद्या बहुतांशी उरलेल्या नाहीत, त्यामुळे ‘अमुक मुलगी अमुक जहाजाने आली’ हे बहुधा अनुमानच असते. भक्कम पुरावा मिळतो तो लग्नाचा, आणि लग्नाचे कागद एकाऐवजी दोन असतात: आधी नोटरीपुढे झालेला विवाहकरार आणि नंतर चर्चच्या नोंदवहीतली विवाहनोंद. मधले अंतर कधी काही दिवसांचे, तर कधी काही आठवड्यांचे असते.

शोध कोणत्या महिन्यांत घ्यावा, याचाही एक आडाखा आहे. जहाजे उन्हाळ्यात आणि शरदाच्या आरंभी क्वेबेकला लागत. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्च सहसा लग्ने लावत नसे. त्यामुळे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत लग्नांची अक्षरशः दाटी झालेली दिसते. बहुतेक मुलींची लग्ने आल्यापासून सहा महिन्यांच्या आत लागली. तेव्हा आधी त्या वर्षीचा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर बारकाईने पाहावा, मग पुढच्या वर्षाकडे वळावे.

नोटऱ्यांची नावे ठाऊक असतील तर बराच वेळ वाचतो. क्वेबेक परिसरात रोमें बेके, पिएर द्युके आणि जिल राजो, मॉन्ट्रिऑलमध्ये बेनीन्य बासे, त्र्वा-रिव्हियेरमध्ये सेव्हरें आमो. बेकेच्या दप्तरात या मुलींचे करार इतके आहेत, की जागा ठाऊक नसेल तर त्याच्याचपासून आरंभ करावा. ही दप्तरे क्वेबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून त्यांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. चर्चच्या नोंदवह्यांसाठी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाचे विनाशुल्क खाते पुरेसे आहे. मॉन्ट्रिऑल विद्यापीठाच्या ऐतिहासिक लोकसंख्या संशोधन प्रकल्पाने, ज्याला पीआरडीएच या आद्याक्षरांनी ओळखतात, 1966 पासून या नोंदी जोडून कुटुंबे उभी केली आहेत. त्याचा तपशील पाहण्यास शुल्क पडते, पण ते दिलेले वाया जात नाही. मात्र कोणत्याही तयार सूचीवर समाधान मानू नये. सूची फक्त पानापर्यंत पोहोचवते. पान स्वतः वाचावे.

चौथी पायरी: विवाहकरार ओळीओळीने वाचावा

संपूर्ण शोधातला हा सर्वांत मोलाचा कागद होय, आणि बहुतेक लोक त्यातून केवळ नाव व तारीख उचलून पुढे जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आरंभी नोटरीचे नाव आणि ठिकाण येते. त्यानंतर वराचे नाव, त्याचा धंदा, त्याच्या आई-वडिलांची नावे आणि मूळ गाव येते, आणि मग वधूचे. वधूच्या वडिलांच्या किंवा आईच्या नावाआधी ‘फ’ ने सुरू होणारा ‘फ्यू’ हा लहानसा शब्द असेल तर ती व्यक्ती मृत आहे असे समजावे. ‘देफें’ हा शब्दही त्याच अर्थाने येतो. वयाची नोंद अनेकदा नसतेच. पण वडील आधीच वारलेले होते, एवढे जरी कळले तरी ती मुलगी भरतीच्या यादीत का आली असावी, याचा धागा हाती लागतो. या स्त्रियांपैकी बऱ्याच जणींचे वडील त्या निघण्यापूर्वीच गेलेले होते.

पुढचा भाग मालमत्तेचा. 1664 च्या फर्मानाने वसाहतीत ‘पॅरिसचा रिवाज’ हा कायदा लागू झाला होता. त्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक असे. तिचा कारभार नवऱ्याकडे, पण मृत्यूनंतर अर्धा हिस्सा जिवंत जोडीदाराचा. करारात याचे कलम पहिले येते. मग ‘दुएर’ येते: नवरा आधी वारला तर विधवेच्या पोटापाण्यासाठी राखून ठेवलेली रक्कम किंवा उत्पन्न. त्यापाठोपाठ ‘प्रेसिप्यू’ येते, म्हणजे वाटणीपूर्वी जोडीदाराने बाजूला काढून घ्यायचा वाटा. हुंडा या मराठी शब्दाने यांपैकी कशाचेही भाषांतर करू नये, कारण अर्थ उलटा होतो. दुएर हे स्त्रीच्या बाजूचे संरक्षण आहे.

त्यानंतर वधूने आणलेल्या वस्तूंची अंदाजे किंमत लिहिलेली असते. ती बहुधा शे-दोनशेपासून तीन-चारशे लिव्रांपर्यंत आढळते. याच ठिकाणी राजाच्या भेटीचा उल्लेख शोधावा. सामान्य घरातल्या मुलीला 50 लिव्र आणि खानदानी घरातल्या मुलीला 100 लिव्र अशी ही भेट होती. आता गंमत अशी, की बहुसंख्य करारांत हा उल्लेखच नाही. तेव्हा भेटीचा उल्लेख नाही म्हणून ती राजाची लेक नव्हती, असा निष्कर्ष काढणे चूक, आणि प्रत्येकीला पन्नास लिव्र मिळालेच असे लिहिणेही तितकेच चूक.

रोख भेटीपेक्षा प्रत्यक्ष हाती पडे ते प्रवासाच्या वेळी दिलेले सामान. आपल्या रुखवताशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण त्यात मिरवण्यासारखे काही नव्हते: डोक्याला बांधायचे वस्त्र, तलम रुमाल, बुटांच्या फिती, मोजे आणि हातमोजे यांचा एकेक जोड, टोपी, फणी, कात्री, दोन सुऱ्या, पांढरा दोरा, शंभर सुया, हजार टाचण्या आणि दोन लिव्रांची चांदीची नाणी. दुकान जवळ नसलेल्या प्रदेशात मोडलेली सुई पुन्हा मिळणार नाही, हे यादी करणाऱ्याला पुरेपूर ठाऊक होते.

शेवटी साक्षीदार आणि सह्या येतात. साक्षीदारांत आन गान्ये या विधवा बाईचे नाव दिसले तर ते टिपून ठेवावे; भरती आणि देखरेख यांत तिचा मोठा वाटा होता आणि क्वेबेकच्या अनेक करारांना ती हजर होती. त्याच जहाजाने आलेल्या मैत्रिणीही साक्षीला असतात. एकीचा माग लागत नसेल तर तिच्या साक्षीदारणीचा करार उघडावा. बरेचदा हरवलेले गाव तिथे सापडते. सहीच्या जागी ‘सही करता येत नाही असे सांगितले’ हे वाक्य असेल तर तेही नोंदवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट समासात किंवा अगदी तळाशी सापडते. काही करारांखाली नोटरीने वेगळ्या शाईत लिहिलेले असते, की दोन्ही पक्षांनी परस्परसंमतीने हा करार रद्द केला आहे. असे रद्द करार थोडेथोडके नाहीत. काही मुलींनी एक करार मोडून दुसरा केला, क्वचित तिसराही. मॉन्ट्रिऑलला मुलगी धर्मभगिनींच्या घरी उतरे, तिथे इच्छुक पुरुष भेटायला येत, आणि त्याच्याजवळ स्वतःचे घर आहे का, असा प्रश्न मुलींनी विचारावा हे साहजिकच होते. समुद्र ओलांडून आलेल्या निराधार मुलीलाही नकार देता येत होता, याचा लेखी पुरावा म्हणजे हे समासातले वाक्य.

पाचवी पायरी: नावे आणि तारखा वाचण्याची दक्षता

या कागदांतली एक गोष्ट आपल्याला सुखद धक्का देते. आपल्या कुलवृत्तांतांत सुनेचे माहेरचे आडनाव अनेकदा लोपते आणि पाळण्यातले नावही लग्नात बदललेले असते. येथे मात्र स्त्री बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत स्वतःच्या माहेरच्या नावानेच नोंदली जाते. तिच्या दहाव्या मुलाच्या बाप्तिस्म्यातही आईचे नाव माहेरच्या आडनावासह येते. त्यामुळे शोध नवऱ्याच्या नव्हे, तर तिच्याच नावाने करावा.

पुरुषांच्या बाबतीत अडचण ‘दी’ या शब्दाची आहे. ‘जाक मिव्हिल दी देशेन’ म्हणजे ‘देशेन म्हणून ओळखला जाणारा जाक मिव्हिल’. मुले कधी मिव्हिल लावतात, कधी देशेन. सैनिकांना तर पलटणीतच असे टोपणनाव मिळे आणि पुढे तेच आडनाव होऊन बसे. म्हणून आपल्या टिपणात दोन्ही नावे लिहावीत.

तारखांत एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः अडकलो होतो. ‘7ब्र’ असे आखूड लिहिलेले दिसले की सातवा महिना समजून मी जुलै लिहीत गेलो, आणि मग लग्न जहाज येण्याआधीच लागलेले दिसू लागले. तो जुलै नव्हे. फ्रेंच ‘सेत’ म्हणजे सात, म्हणून ‘सेप्तांब्र’, म्हणजे सप्टेंबर. तसेच ‘8ब्र’ म्हणजे ऑक्टोबर, ‘9ब्र’ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचे चिन्ह लिहून केलेला महिना म्हणजे डिसेंबर. पंचांगबदलाची चिंता मात्र नको, कारण फ्रान्सने ग्रेगोरियन पंचांग 1582 मध्येच स्वीकारले होते.

स्पेलिंगवर विश्वास ठेवू नये. त्या काळच्या लिखाणात ‘आय’ आणि ‘जे’, तसेच ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे एकमेकांच्या जागी येतात, आणि शब्दाच्या मध्ये येणारा लांब ‘एस’ आपल्याला ‘एफ’सारखा दिसतो. नोटरी ऐकू येईल तसे लिहीत असे.

सहावी पायरी: शिरगणत्यांतून घर पाहावे

1666, 1667 आणि 1681 या तीन शिरगणत्या उपलब्ध आहेत. पहिलीत नाव, वय आणि धंदा आहे. दुसरीत लागवडीखालची जमीन आणि गुरे येतात. तिसरीत बंदुकाही मोजल्या आहेत. जमीन ‘आर्पां’ या जुन्या फ्रेंच मापात दिलेली असते. 1667 मध्ये दोन आर्पां आणि एकही गाय नाही, 1681 मध्ये पंधरा-वीस आर्पां आणि चार-सहा गुरे, असे चित्र दिसले की मधल्या चौदा वर्षांतली कुऱ्हाड आणि फावडे डोळ्यांपुढे येते. वयांवर मात्र भिस्त ठेवू नये. एकच स्त्री दोन शिरगणत्यांत चौदा वर्षांत नऊच वर्षांनी मोठी झालेली आढळते. पहिल्या शिरगणतीत पलटणीतले सैनिक मोजलेले नाहीत आणि काही घरेही सुटली आहेत, तेव्हा नाव नाही म्हणजे माणूस नाही, असे समजू नये.

सातवी पायरी: फ्रान्समधले मूळ शोधावे

करारात दिलेले गाव आणि पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला विभाग, घेऊन आता फ्रान्सकडे वळावे. सुमारे तिसरा हिस्सा मुली पॅरिस परिसरातल्या होत्या. त्यांत 1656 मध्ये स्थापन झालेल्या ‘ओपिताल जेनेराल’ या आश्रमव्यवस्थेच्या साल्पेत्रियेर या स्त्रियांच्या घरातून आलेल्या पुष्कळ होत्या. बाकीच्यांत नॉर्मंडी आणि पश्चिम किनाऱ्यावरचे प्रांत ठळक आहेत, कारण जहाजे द्येप आणि ला रोशेल येथून सुटत. कोल्बेरने 1670 मध्ये नॉर्मंडीतल्या रूआं शहराच्या आर्चबिशपला पत्र लिहून आसपासच्या तीस-चाळीस पॅरिशांतून स्वखुशीने जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकी एक-दोन मुली पाद्र्यांकरवी शोधण्यास सांगितले होते.

मुलगी नॉर्मंडीची असेल तर जिल्हा अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर बाप्तिस्म्याची नोंद मिळण्याची आशा धरता येते. ला रोशेलची असेल तर कॅथलिक नोंदवहीबरोबर प्रोटेस्टंट देवळाची नोंदवहीही पाहावी. पॅरिसची असेल तर मन घट्ट करावे. 1871 च्या मे महिन्यात, पॅरिसमधल्या ‘कम्यून’ या बंडखोर राजवटीच्या अखेरच्या दिवसांत, नगरभवन आणि न्यायमंदिर ही दोन्ही जळाली आणि पॅरिसच्या पॅरिश नोंदवह्यांच्या दोन्ही प्रती त्यांत गेल्या. काही तुकडे पुढे पुन्हा उभे करण्यात आले, पण सतराव्या शतकातल्या एका गरीब मुलीची नोंद त्यांत असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. अशा वेळी वडिलांचा धंदा, पॅरिसच्या नोटऱ्यांची दप्तरे आणि ‘फिशिये ओरिजिन’ ही विनाशुल्क सूची यांचा आधार घ्यावा.

कागद नसले तर काय ओढवते, याचे उदाहरण त्याच काळातले आहे. मारी-क्लोद शामुआ ही पॅरिसची मुलगी साल्पेत्रियेरमधून 1670 मध्ये कॅनडाला गेली आणि बातिस्कां या वस्तीतल्या फ्रांस्वा फ्रिगों याच्याशी तिचे लग्न झाले. पुढे वारसा मागण्यासाठी ती पॅरिसला परतली, तेव्हा तिच्या सख्ख्या आईनेच तिला ओळखण्यास नकार दिला. खटला पॅरिसच्या पार्लमां न्यायालयात गेला. महाधिवक्ता म्हणून बाजू मांडायला उभा होता तरुण दागेसो, जो पुढे फ्रान्सचा चॅन्सेलर झाला. 1693 मध्ये निकाल मारी-क्लोदच्या बाजूने लागला. स्वतःच्या जन्माचा पुरावा गोळा करणारी ती बाई ही आपल्या या उद्योगातली आद्य संशोधकच म्हणायला हवी.

उलट टोकाचे उदाहरण कात्रीन द बायों हिचे. ती खानदानी घरातली होती. 12 नोव्हेंबर 1669 रोजी क्वेबेकमध्ये तिचे जाक मिव्हिलशी लग्न झाले. मोठ्या घराण्यांचे कागद जपले जातात, त्यामुळे वंशावळकारांनी तिचा माग थेट मध्ययुगातल्या शार्लमेन बादशहापर्यंत नेला आहे. हजारो क्वेबेकवासी आज तिच्यामार्फत शार्लमेनचे वंशज म्हणवतात. ते खरे आहे, पण त्याने भारावून जाण्याचे कारण नाही. कागद उरले असते तर शेजारच्या शेतकरणीचीही अशीच एखादी वाट सापडली असती.

आठवी पायरी: संसार आणि मृत्यू यांचे कागद

आता मुलांच्या बाप्तिस्म्यांची यादी करावी आणि सोबत दफनांचीही, कारण त्यांत अर्भके बरीच असतात. मुलांच्या संख्येला सरकारी महत्त्व होते: 1669 च्या फर्मानानुसार दहा हयात औरस मुले असलेल्या बापाला वर्षाला 300 लिव्र आणि बारा असल्यास 400 लिव्र निवृत्तिवेतन ठरवले होते, विसाव्या वर्षापर्यंत लग्न करणारा मुलगा आणि सोळाव्या वर्षापर्यंत लग्न करणारी मुलगी यांना 20 लिव्रांची भेट होती. प्रलोभनाबरोबर धाकही होता. जहाजे आल्यापासून पंधरा दिवसांत लग्न न करणाऱ्या अविवाहित पुरुषांना शिकार, मासेमारी आणि जंगलातला केसाळ कातड्यांचा व्यापार यांची मनाई करणारे हुकूम तालोंने काढले.

नवरा वारला की सामाईक मालमत्तेची वाटणी करण्यासाठी नोटरी घरी येऊन वस्तूंची यादी करी. ही मृत्यूनंतरची यादी मिळाली तर दिवस सार्थकी लागला असे समजावे. चुलीवरचे पातेले, फुटक्या कानाचे भांडे, जुनी गोधडी, दावणीची गाय, उसनवारीची रक्कम, असे सारे घर त्यात खोलीखोलीने उतरलेले असते. विधवेने दुसरे लग्न केले असेल तर दुसऱ्या कराराआधी ही यादी बहुधा सापडते.

नववी पायरी: बदनामी आणि गौरव, दोन्ही तपासून घ्यावेत

या स्त्रिया वाईट चालीच्या होत्या, ही दंतकथा मुख्यतः लाओंतां या उमरावाच्या 1703 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनामुळे पसरली. मुली रांगेत उभ्या केल्या जात आणि पुरुष बाजारातून मेंढी निवडावी तशी बायको निवडत, असा त्याचा रंगवून सांगण्याचा थाट आहे. तो कॅनडात आला 1683 मध्ये, म्हणजे शेवटची तुकडी येऊन दहा वर्षे लोटल्यावर. त्याने यांतले काहीही पाहिलेले नव्हते. तालोंच्या 1670 च्या पत्रात दिसणारी चिंता वेगळीच आहे: मुली व्यंग नसलेल्या, दिसायला किळसवाण्या नसलेल्या, निरोगी आणि शेतकामाला दणकट असाव्यात, किंवा निदान हातकामात तरी तरबेज असाव्यात. क्वेबेकची मठाध्यक्षा मारी द लांकार्नासियों हिनेही 1668 मध्ये लिहिले आहे, की आता पुरुषांसारख्या कष्टाला तयार असलेल्या खेड्यातल्या मुलीच मागवाव्यात. या पत्रांत माणूस म्हणून मुलींचा विचार किती आणि मनुष्यबळ म्हणून किती, ते वाचणाऱ्याने ठरवावे; पण चारित्र्यावर ठपका त्यांत नाही. आजकालचा ‘राष्ट्रमाता’ हा गौरवही तितक्याच सावधपणे वापरावा.

दहावी पायरी: आईकडून आईकडे जाणारी रेषा

हयात असलेल्या एखाद्या क्वेबेकवासी स्त्रीची आई, आजी, पणजी अशी निव्वळ मातृवंशाची रेषा उलटी नेत गेल्यास ती अनेकदा राजाच्या एखाद्या लेकीशी थांबते. ही रेषा रक्ताच्या चाचणीनेही पडताळता येते, कारण पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुलांना फक्त आईकडून मिळतो. डोळ्याच्या मज्जातंतूचा ‘लेबर’ नावाचा आनुवंशिक आजार असलेल्या क्वेबेकमधील कुटुंबांचा माग याच मार्गाने काढला गेला, आणि त्यांतल्या अनेक रेषा क्वेबेक शहरात 1669 मध्ये लग्न झालेल्या एकाच राजाच्या लेकीपाशी मिळाल्या. हा आजार प्रामुख्याने पुरुषांना बाधतो पण पसरतो स्त्रियांमार्फत, त्यामुळे तो साडेतीनशे वर्षे टिकून राहिला. चर्चच्या नोंदवह्या इतक्या अखंड नसत्या, तर वैद्यकाला हे कधीच उलगडले नसते.

हीच पद्धत आपल्या किनाऱ्याजवळ वापरायची असल्यास

वर सांगितलेली रीत हिंदी महासागरातल्या बूर्बों बेटासाठी, म्हणजे आजच्या रेयुनियोंसाठीही वापरता येते, आणि तिथे आपला संबंध थेट येतो. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने 1668 मध्ये सुरतेला वखार घातली आणि त्यानंतरच्या दशकात बूर्बोंवरच्या बायकांवाचून राहिलेल्या वसाहतकऱ्यांशी हिंदुस्थानातून आलेल्या इंडो-पोर्तुगीज स्त्रियांची लग्ने झाली. या बेटावरच्या अनेक जुन्या घराण्यांच्या मुळाशी रोझेर, परेरा, तेशेर अशा आडनावांच्या स्त्रिया आहेत. आंत्वान बुशे या कंपनीच्या कर्मचाऱ्याने 1710 च्या सुमारास बेटावरच्या प्रत्येक घराविषयी जे तिखट टिपण लिहिले, त्यातही त्या भेटतात. मात्र बुशेची जीभ फार धारदार होती, म्हणून त्याचे स्वभाववर्णन बाजूला ठेवून नातेसंबंध तेवढे घ्यावेत.

येथे राजाची भेट नाही, पॅरिसचे आश्रम नाहीत, आणि मूळ गावाचा उल्लेख बहुधा ‘इंडिज’ इतकाच असतो. नोंदवह्या फ्रान्सच्या एक्स-आं-प्रोव्हांस येथील सागरपार अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. शोधाची सुरुवात पुन्हा लग्नापासून आणि मुलांच्या बाप्तिस्म्यांपासून करावी. पोर्तुगीज नाव फ्रेंच पाद्र्याने कानाला लागेल तसे उतरवलेले असल्यामुळे ‘दु रोझारियो’चे ‘रोझेर’ आणि ‘तेशेरा’चे ‘तेशेर’ झालेले असते. तेव्हा ज्या आडनावाचा माग काढायचा त्याची अशी तीन-चार रूपे आधी कागदावर लिहून घ्यावीत आणि मगच पहिली नोंदवही उघडावी.